वसतिगृहाच्या ड्रेनेज चेंबरमधून साथ आधी कळते का?

प्रश्न साताऱ्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेक्टर मॅडमचा आहे. मुला-मुलींच्या मिळून चार इमारती, अकराशे विद्यार्थी, एकच मेस. गेल्या पावसाळ्यात काविळीने धरलं, दिवाळीनंतर तापाची साथ आली, आणि दोन्ही वेळा निम्मा मजला अंथरुणाला खिळेपर्यंत ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. अमेरिकेतली विद्यापीठं वसतिगृहाचं सांडपाणी तपासून साथ आधीच ओळखतात असं त्यांनी वाचलं. "आम्हाला हे जमेल का, आणि जमलं तर उपयोग होईल का?" एवढंच त्यांनी विचारलंय.

मॅडम, करोनाच्या काळात दोन वर्षं मी तिकडच्या एका विद्यापीठात हेच काम केलं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला हातमोजे चढवायचे, मॅनहोलची झाकणं उचलायची, बाटल्या भरायच्या आणि बर्फाच्या पेटीत घालून लॅब गाठायची. आई फोनवर विचारायची, "पीएचडी करून गटारं उपसतोस होय रे?" तिचं फारसं चुकत नव्हतं. या कामातलं अर्धं ज्ञान प्लंबरकडूनच शिकावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जमेल. उपयोग होईल की नाही, हे मात्र बाटलीत काय सापडतं यावर कमी आणि रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही काय करणार यावर जास्त अवलंबून आहे. काविळीसाठी तर मी तुम्हाला आधी चेंबरकडे पाठवणारच नाही, पाण्याच्या टाकीकडे पाठवीन. आता सविस्तर.

तुम्ही वाचलंय ते बहुधा अॅरिझोना विद्यापीठाचं असावं. २०२० चा ऑगस्ट. टूसानमधल्या त्यांच्या कॅम्पसवर मुलं राहायला आली, खोलीची किल्ली देण्याआधी प्रत्येकाची अँटिजेन चाचणी झाली होती. तरी प्रत्येक इमारतीच्या ड्रेनेजमधून पाणी घेणं चालू होतं. ते काम इयन पेपर यांच्या गटाकडे होतं. लिकिन्स हॉल नावाच्या वसतिगृहाच्या पाण्यात विषाणू सापडला. त्या इमारतीत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या ३११ जणांची लगेच चाचणी केली, तर दोघं पॉझिटिव्ह निघाले. दोघांनाही शिंक नाही, ताप नाही, काहीच नाही. त्यांना बाजूला काढलं. ही बातमी जगभर गेली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी मॅनहोलची झाकणं उघडली.

या गोष्टीतलं माझ्या मते खरं मर्म वेगळं आहे. त्यांच्याकडे ३११ माणसांची चाचणी तातडीने करायची सोय तयार होती, पॉझिटिव्ह निघालेल्यांना ठेवायला वेगळ्या खोल्या तयार होत्या, आणि 'पाणी पॉझिटिव्ह आलं तर काय' हे आधीच ठरलेलं होतं. नुसतं पाणी तपासून ते दोघं सापडले नसते. पाण्याने फक्त इमारत दाखवली. माणसं शोधावी लागली.

त्याच ऑगस्टच्या अखेरीला यूटा स्टेट विद्यापीठाने चार वसतिगृहांच्या पाण्यात विषाणू सापडताच २८७ विद्यार्थ्यांना सरसकट विलगीकरणात बसवलं आणि मग चाचण्या केल्या. इशारा एकाच जातीचा, पण एकीकडे इमारत चालू ठेवून आत शोध, आणि दुसरीकडे आधी दार बंद, शोध नंतर. तुम्ही कुठला रस्ता घेणार हे आज ठरवायचं. इमारतीखाली घबराट उठली की शांत डोक्याने ठरत नाही.

अॅरिझोनाच्या गटाने पुढे १३ वसतिगृहांचा हिशेब मांडला. पाण्याने धोक्याचा इशारा दिला तेव्हा शंभरातल्या ८२ वेळा आत खरोखर रुग्ण सापडला. पाणी स्वच्छ आलं तेव्हा शंभरातल्या साधारण ८९ वेळा आत खरोखर कुणी नव्हतं. सापडलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांना कसलंही लक्षण नव्हतं. तरुण मुलांच्या वसतिगृहात हे काम का करायचं याचं कारण या शेवटच्या आकड्यात आहे. विशी-बाविशीतला मुलगा ताप असला तरी 'झोप झाली नाही' म्हणून क्रोसिन घेऊन प्रॅक्टिकलला जातो. दवाखान्याच्या रजिस्टरवर साथ उमटते तेव्हा ती आठवडाभर जुनी झालेली असते. संडास मात्र तो रोज वापरतो.

आता गणित करू, कारण त्याशिवाय या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळत नाहीत.

एका इमारतीत ३०० मुलं धरा. माणशी १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. म्हणजे दिवसाला साधारण ४० हजार लिटर पाणी त्या चेंबरमधून जातं. करोना झालेला एकच मुलगा आहे, तो दिवसातून एकदा जातो, मैला २०० ग्रॅम, आणि प्रत्येक ग्रॅममध्ये विषाणूच्या दहा लाख प्रती. एकूण झाल्या २० कोटी. ४० हजार लिटरमध्ये त्या मिसळल्या की लिटरमागे पाच हजार उरतात. चांगल्या लॅबला एवढं सापडतं, पण काठावर. त्याच मुलाच्या मैल्यात ग्रॅमला दहा हजारच प्रती असतील तर लिटरमागे पन्नास उरतात, आणि मग लॅब कितीही चांगली असो, हाती काही लागत नाही. करोना झालेल्या प्रत्येकाच्या मैल्यातून विषाणू जातोच असंही नाही. बऱ्याच जणांच्या जातच नाही.

उलट नोरोव्हायरस घ्या. उलट्या-जुलाबाची जी साथ एका रात्रीत आख्खा मजला आडवा करते, ती बऱ्याचदा याची असते. त्याच्या रुग्णाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी प्रती असतात. ग्रॅमला एकच अब्ज धरून तेच गणित केलं तरी एकट्या माणसामुळे लिटरमागे ५० लाख प्रती होतात. तो लपूच शकत नाही. म्हणून "सांडपाण्यातून साथ कळते का" याचं एक उत्तर नाही. रोग कोणता, यावर ते ठरतं.

तुमची दिवाळीनंतरची तापाची साथ फ्लूची असेल तर तो या दोघांच्या मधला प्रकार आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात मिशिगन विद्यापीठात एच३एन२ फ्लूची मोठी साथ आली. तेव्हा ॲन आर्बर शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या गाळात फ्लूच्या विषाणूचं प्रमाण रुग्णसंख्येबरोबर चढलं-उतरलं, हे नीट दिसलं. पण तो अख्ख्या शहराचा गाळ होता. एकट्या इमारतीच्या पाण्यात फ्लू शोधायचा तर मी त्यावर पैज लावणार नाही. आणि ती साथ डेंग्यूची असेल तर चेंबर विसरा. गच्चीवरच्या उघड्या टाक्या, कूलर आणि इमारतीमागे पडलेले टायर बघा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. इथे जेवढी माती खावी लागते तेवढी लॅबमध्ये लागत नाही.

पहिला प्रश्न: कुठलं चेंबर? हे नकाशावरून कळतं असं मलाही वाटायचं. आमच्याकडे एक जुनी चार मजली इमारत होती. तिचं पाणी सलग पाच वेळा स्वच्छ आलं. आसपासच्या सगळ्या इमारतींत विषाणू, आणि ही एकटी शुद्ध. वरचे लोक खूश, मला मात्र चैन पडेना. मग एका रविवारी सकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात हिरवा रंग ओतला, गटाराच्या वाटा शोधायला वापरतात तो, आणि सहकारी खाली आमच्या मॅनहोलवर टॉर्च घेऊन बसला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, पाणी जसंच्या तसं. राखाडी, फेसाळ, साबणाचा वास. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आमच्या प्लंबरने हाक मारली. त्याने सहज म्हणून पलीकडचं झाकण उचललं होतं आणि आत पोपटी झरा वाहत होता. कधीतरी दुरुस्तीत संडासाची लाइन तिकडे वळवली होती, नकाशात ते कुणी चढवलंच नव्हतं. आम्ही दोन आठवडे लॉन्ड्रीचं पाणी तपासत होतो.

खरं तर ही चूक आम्हाला आधीच कळायला हवी होती, आणि ती कशी कळते हे सांगण्याजोगं आहे. प्रत्येक नमुन्यात रोगाच्या विषाणूबरोबर आणखी एक विषाणू मोजतात. तो मिरचीचा. ढोबळ्या आणि हिरव्या मिरचीच्या झाडांवर पडणारा हा रोग आहे, माणसाला त्याचा काही त्रास नाही. पण मिरची खाल्ली की तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि माणसाच्या मैल्यात इतका भरपूर सापडतो की त्याच्यावरून पाण्यात मैला किती आहे याचा अंदाज येतो. मिरचीचा विषाणू भरपूर आणि करोना शून्य, तर निकाल विश्वासाचा. मिरचीचाही नाही, तर बाटलीत मैलाच नाही, आणि तो निकाल 'निगेटिव्ह' म्हणून लिहायचा नाही, 'नमुना बाद' म्हणून लिहायचा. आम्ही सुरुवातीला हे मोजत नव्हतो, पैसे वाचवत होतो. तुमच्या मेसमध्ये रोज ठेचा असेल तर या मोजपट्टीची तुम्हाला कधीच कमतरता पडायची नाही.

बाथरूम धुताना सफाईवाल्या मावशींनी त्याच सकाळी ब्लीचिंगची बादली ओतली असेल तरीही नमुना वाया जातो. त्यांना आधी सांगा, त्यांच्या वेळा विचारून घ्या. मी तर म्हणेन, पहिल्याच बैठकीत त्यांना आणि प्लंबरना बोलवा. कुठलं चेंबर तुंबतं, कुठल्या मजल्याचं पाणी कुठे जातं हे त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं इस्टेट विभागाच्या फाइलमध्ये नसतं.

दुसरा प्रश्न: पाणी कधी आणि कसं घ्यायचं? तिसऱ्या मजल्यावर बादली ओतली किंवा फ्लश झाला की ते पाणी चेंबरमधून काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात निघून जातं. तुमचा आजारी मुलगा सव्वासातला गेला आणि तुम्ही साडेसातला बाटली बुडवली, तर तो तुम्हाला सापडणार नाही. यासाठी तिकडे ऑटोसॅम्पलर लावतात. तो चोवीस तास दर काही मिनिटांनी थोडं थोडं पाणी ओढतो आणि एका डब्यात साठवतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने असे १३१ सॅम्पलर लावून सुमारे ३६० इमारतींचं पाणी रोज तपासलं आणि कॅम्पसवरचे जवळपास ८५ टक्के रुग्ण आधी हेरले. लॅबचं बरंचसं काम रोबोंकडे होतं, आणि पाणी पॉझिटिव्ह आलं की त्या इमारतीच्या लोकांना लगेच सूचना जायची. कॅम्पसवर चाचणीचे किट व्हेंडिंग मशीनमधून मिळायचे. बिस्किटाचा पुडा काढावा तसा किट काढा, नमुना द्या, मोकळे. ते डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही नाउमेद होऊ नका. त्यांचं बजेट वेगळं आणि तेव्हाचा काळही वेगळा.

तुमच्यासाठी गॉजची पुरचुंडी पुरे. गॉजच्या घड्यांची मुठीएवढी पुरचुंडी करायची, नायलॉनच्या दोरीने चेंबरमध्ये सोडायची, दोरी झाकणाच्या कडीला बांधायची आणि एक दिवस तशीच राहू द्यायची. वाहत्या पाण्यातलं जे जे जातं ते थोडं थोडं तिला चिकटत राहतं. दुसऱ्या दिवशी काढून झिपच्या पिशवीत पिळायची, निघालेलं पाणी लॅबला द्यायचं. ही युक्ती करोनाची नाही. इंग्लंडमध्ये मूर नावाच्या जीवाणूतज्ज्ञाने १९४८ साली पॅराटायफॉइडचे वाहक शोधायला हीच वापरली होती. मुख्य गटारापासून एकेका फाट्यावर गॉज टांगत टांगत तो वर सरकत गेला होता. आजही तिला मूर स्वॅबच म्हणतात. अमेरिकेत काही ठिकाणी गॉजऐवजी दुकानातले टॅम्पॉन वापरले, काम तेच होतं. तोटा एवढाच की पुरचुंडीतून किती पाणी गेलं हे कळत नाही, त्यामुळे 'आहे की नाही' एवढंच सांगता येतं, 'किती' हे नीट सांगता येत नाही. वसतिगृहाला 'आहे की नाही' पुरतं.

बाटलीनेच घ्यायचं झालं तर सकाळी. अॅरिझोनातही आठ-साडेआठच्या सुमारालाच घेत. पण आपल्याकडे त्याच वेळी आंघोळीच्या बादल्या रिकाम्या होतात आणि पाणी पातळ होतं, हे लक्षात ठेवा.

सेप्टिक टँकबद्दल विशेष सांगतो, कारण तालुक्याच्या कॉलेजांत बहुतेक ठिकाणी तोच असतो. टाकीच्या पुढच्या तोंडातून, म्हणजे जिथून पाणी बाहेर पडतं तिथून, नमुना घेऊन काही उपयोग नाही. आत मैला दिवसेंदिवस मुरतो, चार इमारतींचा एकत्र होतो, आणि आज पडलेल्या मुलाची खूण त्यात हरवून जाते. टाकीत शिरण्याआधीचं, एकेका इमारतीचं शेवटचं चेंबर शोधा.

आणि एक गोष्ट विनंती म्हणून नाही, बजावून सांगतो. नमुन्यासाठी कुणीही चेंबरमध्ये किंवा टाकीत उतरायचं नाही. वायूने माणूस पहिल्याच श्वासात कोसळू शकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटार किंवा टाकी साफ करायला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सगळं काम वरून, दोरीने किंवा लांब दांड्याला बांधलेल्या बाटलीने. झाकण उघडं ठेवून फोन घ्यायलाही बाजूला जायचं नाही.

लॅबचं मी थोडक्यात आटोपतो, कारण ते काम तुम्हाला करायचं नाही. नमुना बर्फात, चोवीस तासांत पोहोचला पाहिजे, गोठवायचा नाही. लॅब आधी पाण्यातला विषाणू एकवटते, मग आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय भाग, काढते, मग पीसीआर चाचणीने तो ओळखते. लॅबला दोनच गोष्टी विचारा: मिरचीचा विषाणू मोजता का, आणि नमुना हाती आल्यापासून किती तासांत निकाल देता. दुसऱ्याचं उत्तर 'चार-पाच दिवस' असेल तर धोक्याची आगाऊ सूचना म्हणून त्याचा उपयोग संपला. मग ती नुसती नोंद उरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शहराच्या मैलापाण्यात करोनाचे प्रकार शोधण्याचं काम केलेलं आहे, म्हणजे हे तंत्र तुमच्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर माहितीचं आहे. आणि हे करोनाबरोबर आलं असंही नाही. मुंबईच्या गटारांतून पोलिओचा विषाणू शोधणं २००१ पासून चालू आहे. देशातला वन्य (लशीतल्या नव्हे) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि त्यानंतर 'आता खरंच नाही' हे म्हणायला जो धीर आला त्यात गटारांच्या नमुन्यांचा मोठा वाटा होता.

निकाल वाचताना एक फसगत हमखास होते. आमच्याकडे एका इमारतीचं पाणी पॉझिटिव्ह आलं, सगळ्यांची चाचणी केली, कुणीच सापडेना. पुन्हा पाणी पॉझिटिव्ह. मुलं चिडली, पालकांचे फोन सुरू झाले. शेवटी यादी काढून बघितलं तर तीन मुलं दहा दिवसांपूर्वीच विलगीकरण संपवून आपापल्या खोल्यांत परतली होती. ती बरी झालेली, कुणाला लागण न करणारी. पण मैल्यातून विषाणूचे तुकडे पुढे कित्येक आठवडे जात राहतात. पाण्याला बरा झालेला आणि नुकताच आजारी पडलेला यांतला फरक कळत नाही. तेव्हापासून आम्ही कोण कधी बरा होऊन कुठल्या इमारतीत परतला याची नोंद पाण्याच्या तक्त्याशेजारीच ठेवू लागलो. एका आकड्यावर उडी मारू नका. सलग दोन-तीन नमुने बघा, चढ आहे की उतार ते बघा. आणि शनिवार-रविवारी निम्मी मुलं गावी जातात तेव्हा, किंवा गणपतीच्या सुट्टीत, 'साथ ओसरली' म्हणून खूश होऊ नका. माणसंच ओसरलेली असतात.

आता कावीळ.

पावसाळ्यातली वसतिगृहातली कावीळ म्हणजे बहुतेक वेळा हेपटायटिस ए किंवा ई. दोन्ही पोटातून, दूषित पाण्या-अन्नातून. ए प्रकारात मुलाचे डोळे पिवळे दिसण्याच्या एक-दोन आठवडे आधीच त्याच्या मैल्यातून सर्वांत जास्त विषाणू जातो. म्हणजे तत्त्वतः चेंबरमध्ये ती डोळ्यांच्या आधी दिसायला हवी, आणि दिसतेही. पण विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, ई प्रकारात दोन ते दहा आठवडे. चेंबरमध्ये ती दिसली तेव्हा ज्या पाण्याने घोळ केला ते पिऊन कधीच झालेलं असतं, आणि ते एकट्याने प्यालेलं नसतं. पुढची फळी आतच तयार होत असते. म्हणून इथे गटाराकडून टाकीकडे नाही, टाकीकडून गटाराकडे जायचं. ड्रेनेजची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन एकमेकींना कुठे छेदतात ते बघा, जमिनीखालच्या टाकीचं झाकण बसतं का बघा, आणि मेसच्या नळावर रोज सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून दाखवणारी तपासणी, करा. ग्रामपंचायतीत करतात तीच, पाच मिनिटांची. नळाला मोकळं क्लोरीन किमान ०.२ पीपीएम हवं, साथीच्या दिवसांत ०.५. पाणी पिवळं होत नसेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी पडतंय किंवा ते जुनं होऊन मेलंय. ओटीच्या डबीचा खर्च पीसीआरच्या एका नमुन्याच्याही पासंगाला पुरणार नाही. हे वर्षभर नियमाने झालं आणि त्यावर पाण्याची तपासणी आली, तर तिला अर्थ आहे. टाकी उघडी ठेवून चेंबरमध्ये विषाणू शोधणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

पाणी पॉझिटिव्ह आल्यावर काय करायचं, ते रोगाप्रमाणे लिहून भिंतीला लावा. नोरोव्हायरस असेल तर पहिलं पाऊल मेसमध्ये: ज्याला जुलाब झाले तो आचारी किंवा वाढपी जुलाब थांबल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाकघरात नको, आणि त्याचा पगार कापायचा नाही, नाहीतर तो सांगणारच नाही. संडासाच्या कड्या आणि नळ ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने नोरोव्हायरस नीट मरत नाही, आणि करोनाने सगळ्यांना बाटली घेऊन फिरायची सवय लावून ठेवलीय. करोना किंवा तत्सम श्वसनाचा विषाणू असेल तर त्या इमारतीच्या मुलांना चाचणी जवळ, फुकट आणि रांगेशिवाय मिळेल असं करा, खिडक्या उघड्या, आणि दोन-चार खोल्या रिकाम्या राखलेल्या. काविळीची खूण मिळाली तर टाकी उपसून टीसीएल, पाणी उकळून, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन. लस देण्याचं त्यांनाच विचारा, ए प्रकारावर लस आहे आणि लागण झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तर ती उपयोगी पडते.

मुलांना सांगायचं का? हो, सुरू करण्याआधीच, नोटीस बोर्डावर, मराठी-हिंदी-इंग्रजीत. हे पाणी सगळ्यांचं एकत्र असतं, त्यातून कुणा एकाचं नाव निघत नाही, हे स्पष्ट लिहा. मग ते खरं ठेवा. शंभरापेक्षा कमी माणसांच्या लाइनवर नमुना घेऊ नका. एका विंगमध्ये बारा मुली राहत असतील आणि तुम्ही तिथलंच पाणी तपासलं, तर नाव घ्यायची गरजच उरत नाही, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना कळतं. २०२० मध्ये आपल्याच शहरांत ईशान्येकडच्या मुलांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आठवा. त्याच बाटलीतून कुणी अमली पदार्थांचीही तपासणी करू शकतं, तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. तुमच्या ट्रस्टींपैकी कुणालातरी हे नक्की सुचेल. पहिल्याच ठरावात लिहून ठेवा की नमुने फक्त साथीच्या रोगांसाठी आहेत. मुलांचा एकदा विश्वास उडाला की ती मैदानापलीकडचा संडास वापरू लागतात, आणि तुमचं चेंबर शांत होतं.

सगळं एकदम काढू नका. जून सुरू होण्याआधी चारही इमारतींची शेवटची चेंबरं हिरवा रंग ओतून नक्की करा. रंगासाठी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये विचारा, फ्लुओरेसिन म्हणून मागा. रविवारी सकाळी, मुलं उठायच्या आत, एकेका मजल्यावर एकेक चमचा, आणि खाली प्रत्येक झाकणावर एक माणूस. कुठलं झाकण किती मिनिटांनी हिरवं झालं ते कागदावर लिहा आणि त्याचा फोटो मला पाठवा. पुरचुंडी कुठे टांगायची ते मी त्यावरून सांगतो.